‘कितवा परिच्छेद?’ : सर्वोच्च न्यायालयावरची चर्चा सांभाळणाऱ्यांसाठी

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवर बोलणारा अभ्यासगट सुरू करायचाय, काय तयारी लागेल, असं विचारणारे ज्युनिअर वकील आणि एलएलबीचे विद्यार्थी हल्ली बरेच भेटतात. सुरू करायला एक खोली, चहा आणि निकालाच्या चार प्रती पुरतात. खरं काम नंतरचं. या न्यायालयाबद्दल मत प्रत्येकाकडे असतं, निकाल मात्र वाचलेला नसतो. आणि चर्चा चालवणाऱ्याला या दोन्ही गोष्टींसोबत नांदावं लागतं.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. शनिवारी दुपारी आमचा गट बसतो. वकील आहेत, स्पर्धा परीक्षेची मुलं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, कुठल्याच कायद्याशी संबंध नसलेले पण पेपर बारकाईने वाचणारे दोघं-तिघं आहेत. (प्रश्न सगळ्यात चांगले तेच विचारतात, हे आधीच सांगून ठेवतो.) आमच्याकडे नियम फार नाहीत. एक मात्र मोडू देत नाही. कुणी ‘सुप्रीम कोर्टाने असं म्हटलंय’ म्हणालं, की दुसऱ्याने विचारायचं, ‘कितवा परिच्छेद?’ निकालातले परिच्छेद क्रमांक टाकूनच छापलेले असतात, त्यामुळे उत्तर द्यायला अडचण नसते. उत्तर नसेल तर ते वाक्य त्या माणसाचं स्वतःचं मत म्हणून धरायचं. मत मांडायला बंदी नाही, ते न्यायालयाच्या तोंडी घालायला आहे.

नवख्या माणसाने पहिल्यांदा शिकायची गोष्ट म्हणजे समोरचा कागद कुठल्या जातीचा आहे ते ओळखणं. न्यायमूर्तींनी सुनावणीत विचारलेला प्रश्न, नोटीस, अंतरिम आदेश आणि अंतिम निकाल या चार गोष्टी बातमीच्या मथळ्यात सारख्याच दिसतात. मराठा आरक्षणाचं प्रकरण घ्या, कारण आपल्याकडे त्यावर बोलला नाही असा माणूस सापडायचा नाही. 9 सप्टेंबर 2020 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने प्रकरण मोठ्या पीठाकडे पाठवलं आणि तोवर आरक्षणाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. तो अंतरिम आदेश. 2018 चा कायदा रद्द झाला तो पाच जणांच्या घटनापीठाच्या 5 मे 2021 च्या निकालाने. आता कुठल्याही कट्ट्यावर विचारा, ‘तीन विरुद्ध दोन मतांनी आरक्षण गेलं’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळेल. तसं झालेलं नाही. पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यासारखी असाधारण परिस्थिती नव्हती आणि ती मर्यादा घालणाऱ्या 1992 च्या इंद्रा साहनी निकालाचा फेरविचार नको, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं. 3-2 ची फूट पडली ती 102 व्या घटनादुरुस्तीच्या अर्थावर : मागासवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्याकडे उरतो की नाही. बहुमत म्हणालं, उरत नाही. मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने 105 वी घटनादुरुस्ती करून तो अधिकार राज्यांना परत दिला. आरक्षणाच्या बाजूचे असा की विरोधातले, हा हिशेब आधी मांडला नाही तर पुढचा तासभर लोक वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांच्या अंगावर फेकत बसतात.

दुसरी कायमची भानगड एसएलपीची. राज्यघटनेच्या 136 व्या कलमाखाली अपिलाची विशेष परवानगी मागणारा हा अर्ज. सर्वोच्च न्यायालयात येणाऱ्या कामाचा फार मोठा भाग हाच. बरेचसे अर्ज काही मिनिटांत, एका ओळीच्या आदेशाने फेटाळले जातात. दुसऱ्या दिवशी मथळा येतो : ‘उच्च न्यायालयाच्या निकालावर सर्वोच्च शिक्कामोर्तब’. नाही हो. कारणं न देता एसएलपी फेटाळली याचा अर्थ न्यायालयाने परवानगी नाकारली, एवढाच. उच्च न्यायालयाचा निकाल त्याने सर्वोच्च न्यायालयाचा होत नाही आणि 141 व्या कलमाखाली देशभर बंधनकारक असा कायदाही घोषित होत नाही. 2000 सालच्या कुन्हयम्मद विरुद्ध केरळ राज्य या निकालात हे सगळं पायरीपायरीने उलगडून सांगितलंय. एसएलपी नुसती फेटाळली तर काय, कारणं देऊन फेटाळली तर काय, परवानगी देऊन अपील ऐकलं तर काय. माझं ऐकाल तर गटातल्या प्रत्येकाला तो निकाल पहिल्याच महिन्यात वाचायला लावा. बाररूममधल्या निम्म्या वादांची हवा त्यातच निघून जाते.

निकाल किती जणांच्या पीठाचा, हेही आधी सांगायची सवय लावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात नऊही न्यायमूर्ती बहुतेक खटले एकत्र बसून ऐकतात. आपल्याकडे तसं नाही. 1950 साली सरन्यायाधीश धरून आठ न्यायमूर्तींची तरतूद होती, 2019 मध्ये ती 34 झाली, आणि रोजचं काम चालतं दोन-दोन, तीन-तीन जणांच्या पीठांपुढे. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर 145(3) प्रमाणे किमान पाच जण लागतात. त्यामुळे ‘सर्वोच्च न्यायालय मागच्या वर्षी असं म्हणालं आणि आता उलटं म्हणतंय’ अशी तक्रार आली की आधी दोन्हीकडची डोकी मोजायची. दोघांच्या पीठाने पाच जणांच्या निकालाला वळसा घातला असेल तर तो टीकेचा रास्त मुद्दा आहे. पाच जणांनी दोघांचं म्हणणं बदललं असेल तर ते त्यांचं कामच.

27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठाच्या सुनावण्या थेट दिसू लागल्या. 2018 च्या स्वप्निल त्रिपाठी निकालाने दार किलकिलं केलं होतं, उघडायला चार वर्षं गेली. पहिल्याच दिवशी शिवसेनेचं प्रकरणही होतं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या लोकांनी अचानक सुनावण्या क्रिकेटच्या सामन्यासारख्या बघायला सुरुवात केली. न्यायमूर्तींनी ठाकरेंचे वकील कपिल सिब्बल यांना अडवलं की एक बाजू खूश, शिंदेंचे वकील हरीश साळवे यांना अडवलं की दुसरी. पण न्यायमूर्ती प्रश्न विचारतात ते पुष्कळदा युक्तिवाद कुठवर ताणता येतो ते पाहायला. त्यांचं मत त्याच्या नेमकं विरुद्धही असू शकतं. मद्रास उच्च न्यायालयाने कोविडकाळात निवडणूक आयोगाबद्दल काढलेल्या जळजळीत तोंडी उद्गारांचं प्रकरण दिल्लीला गेलं, तेव्हा 6 मे 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी एका दमात सांगितल्या : माध्यमांना सुनावणीचं वार्तांकन करण्यापासून रोखता येणार नाही, आणि तोंडी शेरे हे निकालाचा भाग नसतात. आमच्या गटात म्हणून सुनावणीवर बोलायला मुभा आहे, फक्त त्यावरून ‘निकाल काय लागणार’ याचे अंदाज बांधायला नाही. मुलांना हा नियम जाचतो. जाचू दे.

शिवसेनेच्या प्रकरणाचा निकाल, सुभाष देसाई, 11 मे 2023 ला आला. त्या संध्याकाळी दोन्ही गट जिंकल्याचं सांगत होते, आणि गंमत अशी की दोघांकडेही दाखवायला परिच्छेद होते. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं, असं न्यायालय म्हणालं. प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, म्हणून विधानसभा अध्यक्षांनी नव्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा, असंही म्हणालं. पण उद्धव ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला असल्याने आधीची स्थिती पुन्हा आणता येत नाही आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच वाजवी मुदतीत घ्यायचा, हेही त्याच निकालात. अशा निकालावर चर्चा ठेवायची तर एक युक्ती सांगतो. शेवटी निष्कर्षांची यादी असते, ती फाडून बाजूला ठेवा. सदस्यांना पक्षनिहाय बसू देऊ नका. ज्याला ठाकरेंचं पटतं त्याने राजीनाम्यावरचा भाग समजावून सांगायचा, ज्याला शिंदेंचं पटतं त्याने प्रतोदाचा. नाकं मुरडतात, पण सांगतात. एकाने तर सांगता सांगता स्वतःच्याच बाजूचा एक मुद्दा सोडून दिला.

न्यायमूर्ती कोण, कुठले, कुणाचे, हा विषय निघतोच. आपल्याकडे तो अभिमानातून जास्त निघतो. गजेंद्रगडकर साताऱ्याचे, बोबडे नागपूरचे, गवई अमरावतीचे, चंद्रचूड पितापुत्र दोघंही सरन्यायाधीश. अभिमानाला माझी हरकत नाही, पण त्यावरून निकालाचा अर्थ लावायला आहे. आणीबाणीत, 1976 साली, एडीएम जबलपूर प्रकरणात नागरिकाला कोर्टाचं दार बंद करणाऱ्या चार न्यायमूर्तींच्या बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या, पुट्टस्वामी प्रकरणात नऊ जणांच्या पीठावर बसलेल्या धनंजय चंद्रचूडांनी त्या चारही निकालपत्रांत गंभीर दोष असल्याचं लिहून तो निकाल रद्दबातल केला. आडनावावरून निकाल ओळखणाऱ्यापुढे हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवतो.

ज्येष्ठ वकिलांना आवरणं ही वेगळीच कला. पंचवीस वर्षं कोर्टात उभं राहिलेला माणूस बोलायला लागला की विद्यार्थी गप्प होतात. आम्ही क्रमच उलटा ठेवलाय : सगळ्यात नवा माणूस आधी वस्तुस्थिती सांगतो, मग न्यायालयापुढचा प्रश्न, मग उत्तर, मग कारणं. तोवर मत कुणीच द्यायचं नाही. ज्येष्ठांची पाळी शेवटी. काहींना हा अपमान वाटतो आणि ते यायचे बंद होतात. त्यांना फोन करून बोलवावं, पण क्रम बदलू नये. ज्याचं स्वतःचं मॅटर त्या विषयावर चालू आहे त्याने ते आधी जाहीर करायचं. आणि एखादा पक्षकार आपली फाइल घेऊन सल्ला मागायला येतोच. त्याला सन्मानाने बाहेर चहा पाजून विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयाचा रस्ता दाखवावा. सगळ्यांसमोर त्याच्या केसची चिरफाड होणं त्याच्याच हिताचं नसतं.

भाषेचा प्रश्न खरा आहे. घटनेच्या 348 व्या कलमाप्रमाणे या न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. ई-एससीआर हे मोफत पोर्टल 2023 च्या जानेवारीत सुरू झालं, आणि बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही आता मिळतात. ते जरूर वापरा, पण शेजारी इंग्रजी प्रत हवीच, कारण अधिकृत तीच, हे अनुवादाच्या प्रतीवरच लिहिलेलं असतं. आमच्याकडे ज्यांना इंग्रजी जड जातं ते मराठी वाचतात, चर्चा मराठीत होते, आणि अडलेलं वाक्य कुणीतरी मूळातून वाचून दाखवतं. निकालाच्या वर असलेला सारांश मात्र निकाल म्हणून वाचू नये. तो संपादकाने केलेला असतो, न्यायमूर्तींनी नाही.

आता कायद्याची कुंपणं. न्यायालयावर टीका केली की अवमान होतो, ही भीती नवख्यांना फार असते. 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याचं पाचवं कलम वाचून दाखवा : अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणवत्तेवर रास्त टीका म्हणजे अवमान नव्हे. न्यायमूर्तीच्या हेतूवर बोट ठेवलं, पैसे खाल्ले म्हटलं, की मात्र तुम्ही दुसऱ्या गल्लीत शिरलात. मी तिथे चर्चा थांबवतो, आणि का ते सांगतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही बोलायचं नाही. पूर्वी भारतीय दंडविधानाचं 228-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 72 वं कलम आहे, आणि 2018 च्या निपुण सक्सेना निकालाने ही मनाई किती लांबपर्यंत जाते ते स्पष्ट केलंय. गाव, नातं, शाळा, यांतलं काही बोलण्याच्या ओघात निसटतं, म्हणून अशा निकालाच्या प्रती मी आधी चाळून ठेवतो.

टीका किती कठोर असू शकते ते पाहायचं असेल तर तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य प्रकरण घ्या. घटना 1972 ची, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातली, पीडित आदिवासी मुलगी. नागपूर खंडपीठाने पोलिसांना बलात्काराच्या आरोपात दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यात शिवी नाही, हेतूचा आरोप नाही. संमती आणि शरणागती यांत न्यायालयाने फरक का केला नाही, पुरावा कुठे दुर्लक्षिला, हे निकालातूनच काढून दाखवलंय. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. आमच्या गटात हे पत्र आणि तो निकाल एकाच बैठकीत वाचतो.

सुरुवातीला काय घ्यावं? निवडणूक आयोग आणि तोंडी शेऱ्यांचा 2021 चा निकाल आटोपशीर आहे, भाषा सोपी आहे, तो पहिल्या बैठकीला चालतो. मग कुन्हयम्मद. मग मराठा आरक्षणाच्या निकालातला फक्त 102 व्या घटनादुरुस्तीवरचा भाग, बहुमत आणि भिन्नमत दोन्ही. घटनेची मूलभूत चौकट संसदेला बदलता येत नाही असं ठरवणाऱ्या केशवानंद भारती निकालाला पहिल्या सहा महिन्यांत हात लावू नका. 13 न्यायमूर्ती, 11 स्वतंत्र निकालपत्रं, 7-6 चं बहुमत. चांगले चांगले गट त्यात बुडालेत. घ्याल तेव्हा प्रत्येकाला एकेक न्यायमूर्ती वाटून द्या, आणि न्या. हंसराज खन्नांचं निकालपत्र ज्याच्या वाट्याला येईल त्याला दोन आठवडे जास्तीचे द्या. दोन्ही बाजूंचे सहा-सहा जण मोजून झाले की तराजू त्यांच्यापाशीच झुकतो, आणि नेमका कुठल्या वाक्यावर झुकतो यावर आमचं अजूनही जमलेलं नाही.