शाळेचे नाटक बसवताना या चुका टाळा

माध्यमिक शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक असते, परंतु ते बहुधा दोन नृत्यांच्या मध्ये कसेबसे बसवलेले असते आणि त्याची आठवण दिवाळीची सुट्टी संपल्यावर होते. वेळ अपुरा पडला की संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मुलांना केवळ ओठ हलवायला लावले जाते. आवाज सर्वांपर्यंत पोहोचतो हे खरे. पण हशा पिकला तरी ध्वनिमुद्रण थांबत नाही, पुढची वाक्ये त्यात बुडून जातात आणि प्रेक्षकांचा अंदाज घेत बोलण्याचे जे शिक्षण नाटकातून मिळायला हवे, नेमके तेच हातचे जाते.

उभे माईक लावल्यास सगळी पात्रे त्यांच्याभोवती गोळा होतात आणि नाटकाची वक्तृत्व स्पर्धा होते. माईक रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीलगत ठेवावेत आणि तालीम वर्गाऐवजी सभागृहात किंवा पटांगणात घ्यावी. शेवटच्या रांगेच्या जागी एका विद्यार्थ्याला बसवावे. शब्द ऐकू न आल्यास त्याने हात वर करावा. हात वर गेला म्हणून नटाला ओरडायला सांगू नये, वाक्याचा शेवट गिळला जातो आहे का ते आधी पाहावे. मराठीत क्रियापद आणि नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, मुलांचा श्वास नेमका तिथेच संपतो, आणि ‘मी जाणार नाही’मधला ‘नाही’ ऐकू आला नाही तर प्रसंगाचा अर्थच उलटतो. श्वास कुठे घ्यायचा, याची खूण संहितेत पेन्सिलीने करून ठेवावी.

संवाद पहिल्याच दिवशी पाठ करायला देणे हीदेखील मोठी चूक होय. कवितेसारखी चाल एकदा बसली की ती मोडता मोडत नाही. निदान पहिल्या काही तालमी गोलात बसून वाचनाच्याच असाव्यात. प्रयोगात कोणी अडखळल्यास समोरच्या पात्राने प्रश्न विचारून त्याला वाटेवर आणावे आणि याचा सराव मुद्दाम करून घ्यावा. विंगेतून वाक्य सुचवणारी कुजबुज नटाच्या आधी पहिल्या रांगेलाच ऐकू जाते.

पात्रनिवडीत वक्तृत्वातील बक्षीसपात्र मुलेच पुन्हा पुढे येतात. हा खरे तर शिक्षकांचा आळस आहे.

तीन अंकी नाटक अर्ध्या तासात कोंबू नये. एकांकिका घ्यावी किंवा एकच अंक सलग करावा. परवानगीबाबतही गैरसमज आहेत. १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम ५२ नुसार शिक्षक व विद्यार्थ्यांनी शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात केलेल्या प्रयोगाला सवलत मिळते, परंतु प्रेक्षक शिक्षक, कर्मचारी, विद्यार्थी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती यांपुरतेच मर्यादित असावे लागतात. तोच प्रयोग तिकीट लावून किंवा बाहेरच्या स्पर्धेत करायचा असल्यास ही सवलत गृहीत धरू नये आणि लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी तालमी सुरू होण्यापूर्वीच मागवावी.