कमी बजेटमध्ये जगभरची नाणी जमवताय? या चुका टाळा

महिन्याला पाचशे-हजार रुपयेच बाजूला काढणाऱ्या संग्राहकाला महागडं नाणं सहसा बुडवत नाही, कारण ते तो घेतच नाही. त्याचे पैसे जातात ‘स्वस्तात मिळालं’ म्हणून उचललेल्या मालात, आणि त्याहून जास्त घरी आणल्यावर केलेल्या उपद्व्यापांत.

त्यातला पहिला उपद्व्याप घासण्याचा. तांब्या-पितळेचं भांडं काळवंडलं की आपला हात चिंचेकडे, लिंबाकडे नाहीतर पितांबरीकडे जातो. नाण्याला ते अजिबात चालत नाही. टाकसाळीत ठशांमध्ये दाबलं जाताना धातू किंचित वाहतो आणि पृष्ठभागावर अतिशय बारीक रेषा उमटतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं करून फिरवा, उजेडाचा एक पट्टा त्यावर गोल फिरताना दिसेल. आंबट काही लावलं किंवा पावडरीने घासलं की या रेषाच जातात. नाणं लखलखतं, पण ती फिरणारी चमक परत येत नाही. तांब्याचं असेल तर कातडी सोलल्यासारखं गुलाबी दिसतं, आणि कोणताही जाणता डीलर ते लांबूनच ओळखतो. नुसती धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या. पुसू नका.

पावसाळ्यानंतरचा हिरवा थर

अल्बम उघडल्यावर नाण्यांवर हिरवट, बोटाला चिकटणारा थर दिसला, तर सगळा दोष दमट हवेवर ढकलू नका. अल्बमच्या खिशांचा वास घेऊन बघा. नव्या रेनकोटसारखा वास आला तर प्लास्टिक पीव्हीसीचं आहे. त्यातून हळूहळू सुटणारं आम्ल तांबं खातं. चांदीच्या बहुतेक नाण्यांतही तांब्याचं मिश्रण असतं, त्यामुळे तीही सुटत नाहीत.

थर ओला आणि चिकट आहे तोवर उपाय आहे. काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन घ्या, त्यात नाणं बुडवून ठेवा, द्रव गढुळला की बदला. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंधी द्रव्यं असतात. खिडकी उघडी ठेवा आणि आसपास गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको. हिरवा भाग कोरडा असेल, भुकटीसारखा सुटत असेल आणि खाली खड्डे दिसत असतील, तर तो निराळा रोग आहे. ते नाणं आधी बाकीच्यांपासून वेगळं करा.

साठवायला पुठ्ठ्याचे चौकोनी, मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या) खिडकीचे होल्डर घ्या. ते फार महाग नसतात. मात्र ते बंद करायला मारलेल्या स्टेपलरच्या पिना पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा ठरलेलाच.

रुपयाहून मोठा, चांदीचा, आणि फक्त चारशेला

नवखा संग्राहक हमखास फसतो तो मोठ्या चांदीच्या डॉलरमध्ये. चीनचा एकेकाळचा राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई याचं डोकं असलेला चिनी डॉलर, आणि पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेले अमेरिकन ट्रेड डॉलर आणि ब्रिटिश ट्रेड डॉलर यांच्या नकला बाजारात पोत्याने आहेत. यातला ब्रिटिश ट्रेड डॉलर आपल्या जवळचा. १८९५ पासून तो बराचसा मुंबईच्या टाकसाळीत पाडला गेला, आणि त्यावरच्या ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) त्रिशूळाच्या मधल्या टोकावर त्यासाठी बारीक ‘बी’ (बॉम्बेचा) असतो. खऱ्याचं वजन २६.९५ ग्रॅम आणि चांदी ९० टक्के, म्हणजे चोवीस ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी. ती चारशे रुपयांत कोण देईल? दागिन्यांचा छोटा डिजिटल काटा खिशात ठेवा. वजन ग्रॅमभराने चुकलं आणि नाणं फारसं झिजलेलं नसेल, तर सरळ पुढे चला.

लोहचुंबक जपून वापरा. चांदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्याला तो चिकटला तर विषय संपला. पण चिकटणारं प्रत्येक नाणं खोटं नसतं. ब्रिटनची एक पेनी १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहे, युरोचे १, २, ५ सेंटही तसेच. आपला १९४७चा रुपया निकेलचा, तोही चिकटतो. ब्रिटिश शिलिंगबाबत आणखी एक घोळ होतो: १९१९ पर्यंत चांदी ९२.५ टक्के, १९२० ते १९४६ निम्मी, १९४७ पासून शून्य. विकणारा मात्र सगळ्यांनाच ‘सिल्व्हर’ म्हणतो.

रामदरबार, १८१८ साल आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ लिहिलेलं जाडजूड नाणं कुणी करोडोंचं म्हणून दाखवलं तर नमस्कार करून निघा. कंपनीने असलं नाणं कधी काढलंच नाही. (मद्रासकडे कंपनीच्या होनांवर देवांच्या आकृत्या होत्या, पण ते होन सोन्याचे आणि नखाएवढे.) जुनं नाणं लाखांना घेतो, आधी कमिशन भरा, असा फोन आला तर तीही फसवणूकच. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे मागितले जात असल्याचा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे.

साल वाचता येत नसेल तर

नाण्यावर ‘२०३५’ दिसलं म्हणून ते भविष्यातलं नसतं. नेपाळी नाण्यावर विक्रम संवत असतं, ५७ वजा करा, १९७८ येईल. थायलंडसाठी ५४३ वजा. जपानी शोवा सालात (सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचं साल) १९२५ मिळवा. चिनी प्रजासत्ताकाच्या सालात १९११, म्हणून युआन शिकाईच्या डॉलरवरचं तिसरं वर्ष म्हणजे १९१४. अरबी आकड्यांत आपली फसगत हमखास होते: तिथलं पाच आपल्या शून्यासारखं गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. शिवाय हिजरी वर्ष चांद्र असल्याने साधी वजाबाकी जुळत नाही. १४०० हिजरी म्हणजे १९७९-८०.

आणि १७८०चा मारिया थेरेसा थालर (ऑस्ट्रियाच्या राणीचं मोठं चांदीचं नाणं) ‘अडीचशे वर्षं जुना’ म्हणून घेऊ नका. तेच साल ठेवून तो पुढे सतत पाडला गेला, दुसऱ्या महायुद्धात मुंबईतही. चांदीच्या भावात मिळत असेल तर जरूर घ्या.

किलोवर मिळणाऱ्या लॉटबद्दल थोडक्यात: तो आधीच चाळलेला असतो आणि त्यात तीच ती इटलीच्या लिराची नि स्पेनच्या पेसेटाची नाणी परत परत येतात. एकदा घ्यायला हरकत नाही. त्यानंतर मात्र हद्द आखा. भोकाची नाणी घ्या: जपानचे ५ आणि ५० येन, डेन्मार्कचे २५ ओरे, पूर्व आफ्रिकेचे सेंट, आपला १९४३-४७चा भोकाचा पैसा. किंवा पोर्तुगीज वसाहती घ्या: गोव्याची १९५८-५९ची एस्कुदो-सेंतावोंची नाणी अंगोला, मोझांबिक, तिमोरच्या नाण्यांशेजारी लावली की एकाच घराण्याची दिसतात. अशा मालिकांतली बरीचशी नाणी या बजेटात बसतात.

परदेशी संग्राहकाशी अदलाबदल करताना एक कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवण्यासाठी नया पैसा, चौकोनी ५ पैसे, षटकोनी ३ आणि २० पैसे यांची दुबार नाणी वेगळी ठेवा. असे आकार बाहेरच्यांना आवडतात आणि आपल्याकडे ते अजून डबाभर सापडतात.