हाँगकाँगला चाललाय? पॅकेज सोडा, स्वतः फिरा (खास सोलापूरकरांसाठी)

आपल्या सोलापुरातून हाँगकाँगला जाणारी मंडळी बहुतेक पॅकेजनंच जातात, म्हणजे डिस्नेलँड, एक क्रूझवरचं जेवण, एक दिवस शॉपिंग आणि परत. माझं म्हणणं एवढंच की हे बंदराचं शहर आहे, ते बोटीतनं, ट्राममधनं आणि पायी फिरून बघायचं, आणि तसं बघितलं तर लई स्वस्तात होतं.

आधी कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, पण निघायच्या आधी ऑनलाइन प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन करावंच लागतं. ते हाँगकाँगच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर फुकट होतं, एजंटला त्यासाठी पैसे देऊ नका, नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच टाका आणि स्लिपची प्रिंट जवळ ठेवा. रात्री सिद्धेश्वर पकडली की सकाळी दादर, मुंबईतनं डायरेक्ट विमान आहे, सहा तासांच्या आसपास लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हवा एकदम छान असते. जून ते सप्टेंबर शक्यतो नको, घामानं जीव जातो आणि टायफूनचा, म्हणजे चक्रीवादळाचा, ८ नंबरचा सिग्नल लागला की फेरी, बस, दुकानं सगळं ठप्प.

एअरपोर्टवर उतरल्या उतरल्या ऑक्टोपस कार्ड घ्या. मेट्रो, बस, ट्राम, फेरी, छोटी दुकानं, सगळीकडं ते चालतं, आणि बसमधे सुट्टे परत मिळत नाहीत त्यामुळं हे लागतंच. मग ए२१ नंबरची बस थेट नेथन रोडवर त्सिम शा त्सुईला सोडते, राहायला हाच भाग बघा. तिथं चुंगकिंग मॅन्शन्स म्हणून १७ मजली जुनी बिल्डिंग आहे, आत भारतीय खानावळी, मनी चेंजर आणि स्वस्त लॉज भरलेत, खोल्या मात्र अगदी एवढ्याशा. फॅमिली असेल तर राहायला दुसरीकडं बघा, जेवायला इथं या. पैसे बदलताना दारातल्या पहिल्याच काउंटरला देऊ नका, आत जाऊन दोन-चार ठिकाणी रेट विचारा.

आता खरी गोष्ट, स्टार फेरी. त्सिम शा त्सुई ते सेंट्रल, दहा मिनिटांच्या आतबाहेरचा प्रवास, तिकीट पाच-सहा हाँगकाँग डॉलर म्हणजे आपले साठ-सत्तर रुपये. ही फेरी १८८८ साली सुरू केली ती डोराबजी नौरोजी मिठाईवाला नावाच्या पारशी माणसानं, हे कुठला टूरवाला सांगत नाही! तसंच त्सिम शा त्सुईतला मोडी रोड बघा, तो मुंबईच्या होरमसजी मोडींच्या नावाचा, हाँगकाँग विद्यापीठ उभं राहिलं त्यात त्यांचा मोठा पैसा आहे. बोटीत लाकडी बाकं असतात, बाकाची पाठ सरकवली की तोंड दुसऱ्या दिशेला करून बसता येतं. सूर्य मावळायच्या थोडं आधी सेंट्रलला जा, अंधार पडल्यावर परत या, म्हणजे जाताना डोंगर आणि बिल्डिंगा उजेडात आणि येताना सगळे दिवे पाण्यावर. रात्री ८ ला लाइट शो असतो, तो १९१५ च्या घड्याळाच्या टॉवरजवळ किनाऱ्यावर उभं राहून फुकट दिसतो. जेवणाच्या क्रूझचे पैसे वाचले की.

पलीकडं, सेंट्रलच्या बाजूला हाँगकाँग बेटावर डबलडेकर ट्राम आहे, इथली ट्राम १९०४ पासूनची. मागनं चढायचं, पुढनं उतरताना पैसे द्यायचे, वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायची आणि शेवटपर्यंत बसून राहायचं. पीकला, म्हणजे बेटावरच्या उंच डोंगरावर, जायला १५ नंबरची बस घ्या, वर चढणारी पीक ट्राम वेगळी आहे, तिला रविवारी भयंकर रांग असते. वर गच्चीचं तिकीट काढू नका, लुगार्ड रोडनं पायी एक चक्कर मारा, सपाट रस्ता आहे, आईवडील पण आरामात चालतील आणि खालचं अख्खं बंदर दिसतं.

लांटाऊ बेटावरच्या मोठ्या बुद्धासाठी एक पूर्ण दिवस ठेवा. मूर्ती ३४ मीटरची, २६८ पायऱ्या, शेजारच्या पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं. केबल कार महाग वाटली तर तुंग चुंगहून २३ नंबरची बस आहे.

आणि आपल्यासाठी खास एक जागा, द मिल्स. मेट्रोच्या लाल लाइननं शेवटच्या स्टेशनला, त्सुएन वानला उतरा आणि थोडं चाला. नान फंग नावाची सूतगिरणी होती, १९५४ ची, २००८ ला सूत काढणं बंद झालं. त्या इमारती पाडल्या नाहीत, दुरुस्त करून २०१८ ला लोकांसाठी उघडल्या, आत कापडउद्योगाचं म्युझियम आहे, गिरणीतली जुनी यंत्रं आहेत. ज्यांच्या घरात कुणी जुन्या मिलमधे, लक्ष्मी-विष्णूमधे कामाला होतं त्यांनी तर जावंच. आपल्याकडं मिलच्या जागांचं काय झालं ते आपण रोज बघतो, आणि इथं गिरणीची आठवण जपून तिच्यावर नवीन काम उभं केलंय, मला हे सगळ्या गगनचुंबी बिल्डिंगांपेक्षा मोठं वाटतं. येताना त्याच लाइनवर शाम शुई पो ला उतरा, तिथल्या ‘की लुंग’ स्ट्रीटला कापडाची दुकानंच दुकानं आहेत, चादर-टॉवेलच्या धंद्यातल्या माणसाचा तिथनं पाय निघणार नाही.

खायचं म्हणाल तर शाकाहारी लोकांनी ‘मांस, मासे, अंडं नको’ एवढं चिनीत लिहून मोबाईलमधे ठेवा आणि दाखवा, कारण भाजीत पण मांसाचा रस्सा असू शकतो. वान चायच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, कुणीही जाऊ शकतं. घरनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या, टिकते आणि रात्री उशिरा लॉजवर आलं की तीच कामाला येते. मटण, अंड्याचं काही बॅगेत ठेवू नका, त्याला तिथं सर्टिफिकेट लागतं. आणि चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर सोलापुरातनंच घेऊन जा.