गेमपॅड सोडून स्टिअरिंग व्हीलवर येताना

गेमपॅडवर सफाईने गाडी चालवणारे खेळाडूही व्हीलवर बसले की पहिल्या दोन-चार वळणांतच भिंतीला जाऊन धडकतात. याचं कारण गेममध्येच आहे. गेमपॅडची स्टिक अंगठ्याच्या एका झटक्यात या टोकाची त्या टोकाला जाते. तेवढ्याच झटक्याने गाडीची चाकंही वळली, तर एकही वळण नीट घेता येणार नाही. म्हणून बहुतेक गेम मधे पडून तो झटका मऊ करतात आणि वेग वाढेल तशी चाकं कमी वळू देतात. व्हील जोडलं की ही मदत जाते. हात फिरेल तशी गाडी वळते, आणि ते नव्याने शिकावं लागतं.

घेण्याआधी

आपल्या कन्सोलवर ते व्हील चालतं का, हे सगळ्यात आधी पाहा. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशनवर चालतं, एक्सबॉक्सवर नाही; जी९२० चं नेमकं उलट. पीसीवर दोन्ही चालतात. व्हीलमधली मोटर हाताला जो जोर देते त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात. हा जोर जी२९ मध्ये गिअरमधून, थ्रस्टमास्टर टी३०० मध्ये बेल्टमधून येतो आणि फॅनाटेक सीएसएल डीडीसारख्या डायरेक्ट ड्राइव्ह व्हीलमध्ये थेट मोटरच्या दांड्यातून. शिकायला पहिले दोन प्रकार पुरेसे आहेत. हात थोडा मोकळा असेल तर महागड्या मोटरपेक्षा चांगल्या पेडलवर खर्च करा, असं मी आग्रहाने सांगेन.

बसवणं

टेबल हलतं असेल तर पुढचं काहीच जमणार नाही. क्लॅम्प घट्ट आवळा. पाठ खुर्चीला टेकलेली असताना हात सरळ पुढे केला की मनगट व्हीलच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. म्हणजे व्हील धरताना कोपर थोडं वाकलेलं राहतं. खुर्चीला चाकं असतील तर ती अडवा, नाहीतर जोरात ब्रेक दाबला की खुर्चीच मागे सरकते. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी ठेवा.

सेटिंग

व्हील सुरू झाल्यावर स्वतःहून दोन्ही बाजूंना फिरून मध्य शोधतं. तोवर त्याला हात लावू नका. मग गेममध्ये जाऊन गेमपॅडसाठीचं सगळं काढा: स्टिअरिंगचा डेडझोन (मध्याजवळचा, हात हलला तरी गाडी न वळणारा भाग) शून्यावर, स्टिअरिंग असिस्ट आणि ब्रेकिंग असिस्ट बंद, लिनिअॅरिटी अशी की हात जितका फिरेल तितकंच चाक वळेल. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी मदत) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (एक्सिलरेटर दाबल्यावर चाकं घसरून नुसती फिरू न देणारी मदत) राहू द्या.

व्हील फिरण्याचा कोन त्याच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे व्हील चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ९०० अंश ठेवा. साध्या गाडीला तो लागतो. फॉर्म्युला गाडीचं काम साधारण ३६० अंशांत होतं आणि बरेच गेम गाडीनुसार तो आपोआप कमी करतात. खात्री करायला कॉकपिट कॅमेरा लावून व्हील पाव फेरा फिरवा. पडद्यावरचं व्हीलही पावच फिरलं पाहिजे.

फोर्स फीडबॅकचा जोर शंभर टक्क्यांवर नेण्याचा मोह टाळा. गेमने मागितलेला जोर मोटरच्या कुवतीबाहेर गेला की वरचं सगळं कापलं जातं. याला क्लिपिंग म्हणतात. मग व्हील जड तर लागतं, पण मध्यम वळण आणि टायर सुटण्याच्या बेतातलं वळण यांतला फरक हाताला कळत नाही. गेममध्ये क्लिपिंगचा मीटर असेल तर लांबलचक वेगवान वळणात तो सतत टोकाला टेकणार नाही, इतका जोर कमी करा.

कॅमेरा बॉनेटचा किंवा कॉकपिटचा घ्या. मागून दिसणाऱ्या गाडीचा आणि हाताला लागणाऱ्या जोराचा मेळ बसत नाही.

पहिली गाडी, पहिला ट्रॅक

सुपरकार नको. माझदा एमएक्स-५ सारखी कमी ताकदीची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. ती सुटते तीही हळूहळू, सावरायला वेळ देऊन. ट्रॅक छोटा असावा. इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅच ट्रॅकचा इंडी हा छोटा लेआउट जेमतेम १.९ किलोमीटरचा आहे, त्यामुळे तेच वळण मिनिटाभरात पुन्हा समोर येतं.

आता हाताकडे लक्ष द्या. वळणात शिरताना व्हील जड होत जातं. एका क्षणी तुम्ही आणखी फिरवता आणि ते जड होण्याऐवजी हलकं पडतं. याचा अर्थ पुढचे टायर रस्ता सोडताहेत. अशा वेळी अजून फिरवण्याची ओढ होते; तसं न करता व्हील किंचित सरळ करा, एक्सिलरेटर थोडा सोडा. जडपणा परत आला की टायरने पकड घेतली. व्हीलचा खरा आनंद इथून सुरू होतो, कारण गेमपॅडच्या थरथरीतून ही गोष्ट इतकी स्पष्ट कधीच कळत नाही. गाडीचा मागचा भाग सुटला तर व्हील आपणहून घसरण्याच्या दिशेला फिरू लागतं. मूठ सैल ठेवून ते फिरू द्या, गाडी सावरू लागली की धरा आणि लगेच मध्यावर आणा. घट्ट धरून बसलात तर गाडी गोल फिरलीच.

ब्रेक

सगळ्यात जास्त वेळ पायालाच लागतो. साधं पेडल ते किती खाली गेलं हे मोजतं, लोड सेलचं पेडल किती जोराने दाबलं ते. दुसऱ्या प्रकारावर पायाला अंदाज लवकर बसतो. सरळ रस्त्यावर जोरात ब्रेक दाबा आणि वळणाकडे वळताना पाय एकदम न उचलता हळूहळू सोडत जा. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पुढच्या चाकांवर वजन टिकून राहतं आणि गाडी वळणात सहज शिरते. पडद्यावर पेडलची पट्टी दिसत असेल तर तिचा उतार पाहा. कडा तुटल्यासारखा दिसला तर पाय अजून घाईत आहे.

गेमपॅडवरच्या वेळेशी तुलना सुरुवातीला करूच नका. सलग दहा लॅप गाडी ट्रॅकवर राहिली आणि त्यांच्या वेळा जवळपास सारख्या आल्या, की आधी ट्रॅक्शन कंट्रोल काढा, मग एबीएस. क्लच आणि हाताचा गिअर त्यानंतर.