तट्टू आणायचं ठरलं, आता जागा दाखवायची तयारी

सुटका केलेलं तट्टू सांभाळायला घ्यायचं ठरलं, फॉर्म भरून झाला, आता प्राणी वाचवणाऱ्या संस्थेची माणसं मळ्यात जागा पाहायला येणार. अशा वेळी बहुतेक घरांत पहिलं काम निघतं ते गोठ्याला चुना मारायचं. ते राहू द्या. जनावराच्या तोंडाला काय काय लागू शकतं आणि रोज त्याच्यामागे कोण असणार, हे पाहायला ती येतात. म्हणून आधी कुंपणाच्या आत एक फेरी मारा, नजर तट्टूच्या तोंडाच्या उंचीवर ठेवून.

घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलं ते गेलं. त्यामुळे कण्हेर, घाणेरी आणि एरंड मुळासकट काढा. कापलेल्या फांद्याही आत पडू देऊ नका, कारण वाळलेली कण्हेर तितकीच विषारी असते. आपल्याकडे याहून जवळचा धोका कांद्याचा. चाळ फोडली की सडका कांदा गुरांपुढे टाकायची सवय असते, पण कांद्याने घोड्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. दुसरा धोका कोंबडीखाद्याचा. पोल्ट्रीच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला ते चालतं, पण घोड्याच्या हृदयाला ते थोडंसं गेलं तरी जिवावर बेततं. खाद्याची पोती आणि तट्टूची चंदी एका खोलीत ठेवूच नका, मापटंही वेगळं ठेवा.

द्राक्षबाग लागून असेल तर फवारणीचा प्रश्न हमखास विचारतात. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीचा ब्लोअर सारखाच चालू असतो. शेजारच्या भाऊंशी आधीच बोलून ठेवा, की फवारणीच्या दिवशी निरोप द्या, आम्ही जनावर आत घेऊ. मोरचूद आणि औषधांचे डबे कुलपात हवेत. बागेची जुनी तार गवतात पडलेली असते, तीही गोळा करा.

कुंपणाला काटेरी तार असेल तर तिच्या आतून बांबूचे किंवा लाकडी आडवे बांधा. झटका तार लावणार असाल तर ठळक दिसणारी पांढरी पट्टी घ्या. बारीक तार घोड्याला पळताना दिसत नाही. गव्हाणही तपासा. एका पाहणीत आलेल्या ताईंनी चहाचा कप बाजूला ठेवला, गव्हाणीच्या आतल्या कडेने सावकाश हात फिरवला आणि वाकलेला खिळा दाखवला. घरच्या आबांना तो तिथे आहे याचा पत्ताच नव्हता.

निवारा निदान 10 बाय 10 फुटांचा असावा. आपल्या नाशिककडे त्र्यंबकच्या बाजूने येणारी पावसाची झड आत येणार नाही अशी त्याची पाठ ठेवा. खाली मुरूम आणि थोडा उतार हवा, गुळगुळीत फरशी नको. पावसाळ्यात टापा सतत ओल्या राहिल्या की तळवा सडतो, म्हणून एक कोरडी जागा दाखवता आली पाहिजे. उन्हाळ्यासाठी पत्र्यावर पाचट टाकलं तरी पुष्कळ.

पाण्याला दिवसाला 20 ते 30 लिटर धरा, उन्हात जास्त. शेतीच्या विजेचा भरवसा नसतो, तेव्हा भरलेला हौद हवाच. 200 किलोच्या तट्टूला दिवसाला साधारण 4 किलो कोरडा चारा लागतो. बुरशी लागलेला कडबा आजच बाहेर काढा. माया म्हणून धान्य वाढवू नका. उपाशी राहिलेल्या जनावराला एकदम भरपूर चंदी दिली की पोटशूळ उठतो.

मग माणसांचे प्रश्न येतात, आणि खरी परीक्षा इथेच असते. "दादा, तुम्ही गावाला गेलात की याला पाणी कोण दाखवतं?" याला नाव घेऊन उत्तर द्या, आणि ते माणूस त्या दिवशी घरी असू द्या. डॉक्टर घोड्याचं काम करणारे आहेत का, आधीच विचारून ठेवा. गाईम्हशींचे सगळेच डॉक्टर हात लावतात असं नाही. टापा 6 ते 8 आठवड्यांनी छाटाव्या लागतात. नालबंदाचा नंबर लग्नाचे घोडे ठेवणाऱ्यांकडे मिळतो. घोडं कळपाचं जनावर आहे, एकटं ठेवलं तर खंगतं. सोबतीला काय आहे तेही सांगा. दुसरं तट्टू असेल तर उत्तम, नाहीतर निदान शेळी.

कागदांत धनुर्वाताच्या लशीची नोंद आणि ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल संस्थेकडे मागून घ्या. तुम्ही विचारलं की त्यांनाही बरं वाटतं. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे तो सरकारला कळवणं बंधनकारक आहे. घरी आधीचं घोडं असेल तर नवं दोन-तीन आठवडे वेगळं बांधायची जागा दाखवा.

लग्नसराईत "एक दिवस द्या ना घोडं" म्हणणारे नातेवाईक येणारच. करारात बहुधा लिहिलेलं असतं की ना वरातीला, ना टांग्याला, ना विक्रीला. सही करण्याआधी हे घरातल्या थोरांना वाचून दाखवा, विशेषतः मामांना.

पाहणीच्या दिवशी काही दुरुस्त्या सांगितल्या तर वाद घालू नका, तारीख ठरवून घ्या. काम झालं की फोटो पाठवा. बऱ्याचदा मग दुसरी फेरी लागत नाही.