आषाढात चिप गार करायची तर

रत्नागिरीच्या पावसाळ्यात गारव्याची चिंता नको, ओलीची करा. द्रव नायट्रोजन ७७ केल्व्हिनला उकळतो आणि आपल्या चिपवरची वायबीसीओची (यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची) फिल्म ९० केल्व्हिनच्या आसपासच सुपरकंडक्टिंग होते, म्हणजे तिचा विजेला होणारा रोध नाहीसा होतो. नायोबियम धातूचं सर्किट असतं तर याहून खूपच गार करावं लागलं असतं, म्हणजे द्रव हेलियम नाहीतर क्रायोकूलर (अतिथंड करणारं यंत्र) लागला असता. कॉलेजला ते परवडलं नसतं. पण वायबीसीओला पाणी सोसत नाही, आणि इथे तर भिंतीसुद्धा ओल्या.

कंटेनर गुरांच्या दवाखान्यात गोठित रेतमात्रा ठेवतात तसलाच. झाकण सैल आहे म्हणून कापड कोंबू नका. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, त्याला वाट हवी. झड आत येते म्हणून खिडक्याही लावायच्या नाहीत. खोलीतला ऑक्सिजन कमी झालेला कळत नाही, माणूस सरळ आडवा होतो. हातमोजे झटकताच निघतील इतके सैल घाला.

चिप स्टीलच्या पातळ नळीच्या टोकाला, पाठीला पीटी-१००, म्हणजे प्लॅटिनमचा तापमापक; गार होईल तसे त्याचे ओहम घटतात. तारा मँगॅनिनच्या (उष्णता कमी नेणाऱ्या मिश्रधातूच्या), बारीक. जाड तांब्यातून वरची उष्णता खाली उतरते. दोन तारा करंटला, दोन व्होल्टेजला. पितळी कनेक्टर खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडतात, ते आधी घासून घ्या.

नळी कंटेनरच्या गळ्यातून बोटबोटभर खाली सोडा. पीटी-१०० सत्तावीस ओहमच्या जरा खाली गेला की चिपवरचा व्होल्टेज धाडकन पडायला हवा. वीसच्या आसपास आला म्हणजे चिप द्रवात बुडाली. प्रत्येक रीडिंग करंट उलटा करूनही घ्या, नाहीतर सांध्यांवरचा फुकटचा व्होल्टेज हिशेबात येतो.

खरी परीक्षा काढताना. गार चिप उघड्यावर आली की फ्रीजमधल्या बाटलीसारखा तिला घाम सुटतो. म्हणून नळीवर आधीच लांब प्लास्टिकची पिशवी ओवून वरून बांधा आणि खालचं तोंड गळ्याभोवती सैल सोडा. उकळणाऱ्या द्रवाचा कोरडा वायू तिच्यात भरतो. चिप हळूहळू वर, पिशवीत घ्या, खालचं तोंड आवळा आणि नळी बाजूला उभी करा. पिशवी निम्मीच भरलेली असू दे, तापताना वायू फुगतो. पीटी-१०० एकशेअकरावर, म्हणजे अठ्ठावीस अंशांवर आल्याशिवाय उघडायची नाही. मध्येच डोकावून बघायचा मोह सगळ्यांनाच होतो.

मग चिप थेट सिलिका जेलच्या डब्यात. निळे मणी या दिवसांत बघता बघता गुलाबी होतात; ओव्हनमध्ये पुन्हा निळे होईपर्यंत तापवा. हेअर ड्रायर मात्र आणू नका, तो इथलीच दमट हवा चिपवर मारतो.