पोरगं उभं राहिलं पाहिजे: तरुण क्वार्टरबॅकसाठी ओ-लाइनची तयारी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये कॉलेजचे खेळाडू संघ क्रमाने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये शिकागो बेअर्सने पहिल्याच नंबरवर केलब विल्यम्स या क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्याला, उचललं. नवव्या नंबरवर त्याच्या दिमतीला रोम ओडुन्झे हा रिसीव्हर घेतला, त्याआधी दुसऱ्या संघाशी ट्रेड, म्हणजे अदलाबदल, करून कीनन ॲलनलाही आणलं होतं. झेल घेणारे झाले, पण चेंडू हातातून सुटेपर्यंत पोराला उभं कोण ठेवणार, हे बघायचं राहून गेलं. ते काम ओ-लाइनचं, म्हणजे त्याच्यापुढे उभ्या पाच जणांच्या फळीचं: मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. त्या हंगामात विल्यम्स ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच ६८ वेळा आडवा. एका हंगामात याहून जास्त वेळा आडवे झालेले दोघंच: १९८६ मध्ये रँडल कनिंगहॅम ७२ वेळा आणि २००२ मध्ये डेव्हिड कार ७६ वेळा. आणि २०२५ मध्ये? तोच विल्यम्स, पण सॅक २४. बेअर्स ११ सामने जिंकून आपल्या डिव्हिजनमध्ये पहिले आले. तुमच्या संघाने नवाकोरा क्वार्टरबॅक घेतला असेल, तर या दोन हंगामांच्या मधल्या महिन्यांत काय काय करायला हवं, ते जानेवारीपासून एकेक तपासत जाऊ.

सुरुवात व्हिडिओपासून. मागच्या हंगामातला प्रत्येक सॅक काढायचा आणि त्यापुढे एक नाव लिहायचं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यावरून भांडणंही होतात, पण यावाचून पुढची खरेदी आंधळी ठरते. कारण प्रत्येक सॅक लाइनच्या खात्यावर जात नाही. कधी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) ब्लिट्झ करणाऱ्याला, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून आलेल्या जादा माणसाला, अडवायला चुकीच्या बाजूला गेलेला असतो. कधी सगळे रिसीव्हर लांबचे मार्ग धावत असतात आणि पटकन चेंडू द्यायला जवळ कोणीच नसतं, ती चूक डाव आखणाऱ्याची. आणि बऱ्याचदा दोष खुद्द साहेबांचाच असतो. अडीच-तीन सेकंदांत चेंडू सुटायला हवा तिथे तो चार-पाच सेकंद धरून ठेवला, तर जगातला कुठलाही टॅकल पुरा पडणार नाही. कॉलेजात पळून सुटलेल्या पोरांना ही सवय असते, विल्यम्सलाही होती. तेव्हा यादीत लाइनमनची नावं किती, कोचची किती आणि क्वार्टरबॅकचं नाव किती वेळा आलं, ते मोजा. पाच नवे खेळाडू आणायचेत की दोन आणि एक नवा कोच, हे त्यावरून ठरेल.

सॅक मोजून थांबू नका, मारही मोजा. चेंडू सुटल्यावर बसलेला धक्का सॅकच्या आकड्यात येत नाही, बरगड्यांना मात्र तो तितकाच लागतो. जानेवारी २०१६ मध्ये डेन्व्हरमध्ये टॉम ब्रेडीला एकाच सामन्यात २० वेळा मार बसला. पेट्रियट्सचा लाइन कोच दांते स्कारनेकिया त्याच्या दोन वर्षं आधी निवृत्त झाला होता. त्या सामन्यानंतर संघाने त्याला परत बोलावून घेतलं आणि पुढच्याच हंगामात ते सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले.

म्हणून खेळाडूंच्या आधी लाइन कोच पक्का करा. मुख्य कोचच्या नावावर पेपरांत रकाने भरतात, लाइन कोचची नेमणूक दोन ओळींत संपते. फिलाडेल्फियात जेफ स्टाउटलंडच्या हाताखाली जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी लीग खेळाडू आला. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला हा माणूस २०१८ च्या ड्राफ्टच्या सातव्या फेरीत मिळाला आणि पुढे लीगमधल्या उत्तम डाव्या टॅकलांपैकी एक झाला. असा कोच असेल तर सातव्या फेरीतून पहिल्या फेरीचं सोनं निघतं. नसेल तर पहिल्या फेरीचंही वाया जातं. शिकागोने आधी बेन जॉन्सनला मुख्य कोच केलं, त्याने लाइनसाठी डॅन रूशरला घेतलं आणि खरेदी त्यानंतर झाली.

मग पैसा. पहिल्या फेरीतल्या पोराचा करार चार वर्षांचा असतो, पाचवं वर्ष संघाच्या मर्जीवर. विल्यम्सचा करार चार वर्षांना मिळून सुमारे ३.९५ कोटी डॉलरचा. उलट डॅक प्रेस्कॉटला २०२४ मधल्या करारात वर्षाला ६ कोटी मिळू लागले. २०२५ ची सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, २७.९२ कोटी होती, तेव्हा फरक किती जागा मोकळी करतो ते दिसतंच. नियमाप्रमाणे तीन हंगाम झाले की पोराच्या एजंटचा फोन येऊ शकतो, आणि पोरगं चांगलं निघालं तर येतोच. म्हणजे स्वस्ताईचे मार्च महिने (खेळाडूंचा खुला बाजार मार्चमध्ये भरतो) तुमच्याकडे दोन-तीनच आहेत. त्यातला पहिला बहुतेक संघ रिसीव्हर घेण्यात घालवतात.

इंडियानापोलिस कोल्ट्सने तर सहा हंगाम घालवले. २०१२ मध्ये पहिल्या नंबरवर अँड्र्यू लक घेतला. तो खांद्याच्या, पोटाच्या, मूत्रपिंडाच्या दुखापती सोसत खेळत राहिला आणि २०१७ चा अख्खा हंगाम खांद्यामुळे मुकला. मग २०१८ च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या नंबरवर क्वेंटन नेल्सन हा गार्ड आणि दुसऱ्या फेरीत ब्रेडन स्मिथ आला. त्या हंगामात लक फक्त १८ वेळा सॅक झाला, ३९ टचडाउन पास फेकले. उपाय लागू पडला होता, पण पेशंट थकला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, लकने खेळ सोडला.

आता खरेदीचा क्रम. इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, पण सांगतो: आधी मधले तीन बघा, म्हणजे सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड. टॅकल नंतर. १९८५ मध्ये सोमवारच्या रात्रीच्या सामन्यात लॉरेन्स टेलरने जो थाइझमनचा पाय मोडला, तेव्हापासून उजव्या हाताच्या क्वार्टरबॅकची पाठ राखणारा डावा टॅकल म्हणजेच सगळं, असा समज घट्ट बसलाय. टॅकल महत्त्वाचा आहेच. पण कडेने येणाऱ्यापासून पुढे सरकून वाचता येतं, पुढे सरकायला जागा असेल तर. समोरूनच धक्का आला की सरकायला जागा नाही, पाय रोवायला जागा नाही आणि पुढचं दिसतही नाही.

फेब्रुवारी २०२२ चा सुपर बोल आठवा. सिनसिनाटी बेंगल्सचा जो बरो त्या हंगामात ५१ वेळा सॅक झाला होता, शिवाय टेनेसीविरुद्धच्या एकाच प्लेऑफ सामन्यात ९ वेळा. शेवटच्या मिनिटाला बेंगल्स तीन गुणांनी मागे, चौथा डाउन म्हणजे शेवटचा प्रयत्न, हवं फक्त एक यार्ड. लांबवर जमार चेस मोकळा सुटला होता, कारण त्याला धरणारा रॅम्सचा खेळाडू घसरून पडला होता. बरोला तिकडे बघायलाही वेळ मिळाला नाही. ॲरन डोनाल्ड, जो कडेला नाही तर आतल्या बाजूला खेळायचा, गार्डला मागे टाकून त्याच्या अंगावर आला, बरो गरकन फिरला आणि चेंडू कसाबसा हवेत भिरकावला गेला. सामना तिथे संपला. बेंगल्सने २०२१ मध्ये पेने सूएल हा टॅकल सोडून चेसला घेतलं, यावर आजही वाद चालतो. चेस नसता तर ते तिथवर पोचलेच नसते, हेही खरंच आहे. माझी तक्रार चेसबद्दल नाही, गार्डांबद्दल आहे.

गार्ड टॅकलपेक्षा सहसा स्वस्तात मिळतो, हाही मुद्दा आहे. कॅरोलिना पँथर्सने २०२३ मध्ये ब्राइस यंगला पहिल्या नंबरवर घेतलं, उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. तो ६२ वेळा सॅक झाला. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी टॅकल नाही, दोन गार्ड घेतले: रॉबर्ट हंट पाच वर्षांसाठी १० कोटींना, डेमियन लुईस चार वर्षांसाठी ५.३ कोटींना. हंटचा आकडा स्वस्त म्हणता येणार नाही, पण बुटक्या क्वार्टरबॅकला समोरची खिडकी उघडी लागते, तेव्हा पैसे योग्य जागी गेले. शिकागोनेही २०२५ च्या मार्चमध्ये हेच केलं. कॅन्सस सिटीकडून चौथ्या फेरीच्या पिकवर (ड्राफ्टमधल्या निवडीच्या हक्काच्या बदल्यात) जो थूनी हा बत्तिशीचा, चार सुपर बोल जिंकलेला डावा गार्ड, रॅम्सकडून सहाव्या फेरीच्या पिकवर जोना जॅक्सन, आणि तीन वर्षांसाठी ४.२ कोटींवर ड्र्यू डालमन हा सेंटर. गंमत म्हणजे त्या हंगामात डाव्या टॅकलची जागा स्थिर झालीच नाही. ब्रॅक्स्टन जोन्स, मग थिओ बेनेडेट, मग ऑझी ट्रपिलो असे तिघं तिथे खेळले. तरी सॅक २४.

सेंटर निवडताना त्याचं डोकं तपासा. स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देण्याच्या, आधी तो मान वर करतो, समोरच्या एका लाइनबॅकरकडे (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूकडे) बोट दाखवून त्याचा नंबर ओरडतो, तो या डावाचा ‘माइक’. कोण कुणाला धरणार, सगळे डावीकडे सरकणार की उजवीकडे, हे त्या एका नंबरावरून पाचही जण ठरवतात. बाहेरच्या मैदानावर सत्तर हजार लोक बोंबलत असताना ओरडून काही ऐकू जात नाही. तेव्हा गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा बघतो आणि सेंटरला हाताने थापटतो, मग स्नॅप होतो. बावीस वर्षांच्या पोरावर हे सगळं वाचायचा भार पहिल्याच वर्षी टाकायचा नसेल, तर तो उचलणारा अनुभवी सेंटर हवा. नवा क्वार्टरबॅक आणि नवशिका सेंटर ही जोडी शक्यतो टाळा.

कॉम्बाइनमधली, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांमधली, मापं पंधरा मिनिटांत उरका. टॅकलचा हात ३३ इंचांहून लांब हवा, असा एक दंडक चालतो. २०२५ मध्ये विल कॅम्पबेलचा हात त्याहून थोडा तोकडा भरला, त्यावर महिनाभर चर्वितचर्वण झालं आणि पेट्रियट्सने त्याला चौथ्या नंबरवर घेतलंच. वैद्यकीय फाइल मात्र नीट वाचा. ह्यूस्टन टेक्सन्स २००२ मध्ये नवा संघ म्हणून उभा राहिला तेव्हा त्यांनी टोनी बोसेली या नावाजलेल्या टॅकलवर भिस्त ठेवली. त्याचा खांदा इतका गेलेला होता की तो त्यांच्यासाठी एकही सामना खेळला नाही, आणि डेव्हिड कार पाच हंगामांत २४९ वेळा आडवा झाला. उलटंही होतं. ट्रे स्मिथच्या फुप्फुसांत कॉलेजात असताना रक्ताच्या गाठी झाल्या होत्या, त्या भीतीने तो २०२१ मध्ये सहाव्या फेरीपर्यंत, २२६ व्या नंबरपर्यंत घसरला. कॅन्सस सिटीने त्याला घेतलं आणि पहिल्याच सामन्यापासून उजव्या गार्डला उभं केलं.

त्या वर्षीच्या कॅन्सस सिटीचा हिशेब भिंतीवर लावण्यासारखा आहे. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये दोन्ही नेहमीचे टॅकल जायबंदी, पॅट्रिक महोम्स सामनाभर जिवाच्या आकांताने पळतोय आणि निकाल ३१-९. मार्चमध्ये थूनी, एप्रिलमध्ये ट्रेडने ऑर्लँडो ब्राउन, ड्राफ्टमध्ये ६३ व्या नंबरवर सेंटर क्रीड हम्फ्री, मग स्मिथ. सप्टेंबरमध्ये पाचही जागांवर नवी माणसं. दोन वर्षांनी सुपर बोलमध्ये समोर फिलाडेल्फिया, त्या हंगामात ७० सॅक केलेला संघ. महोम्सला एकही सॅक बसला नाही.

पाच जणांची बेरीज करताना सर्वांत चांगला किती चांगला, हे विचारू नका. सर्वांत कच्चा किती कच्चा, हे विचारा. कबड्डीत चढाई करणारा साखळीतला पोलादी हात शोधत नाही, ढिला हात शोधतो. इथेही समोरचा कोच व्हिडिओ बघून नेमका तोच गार्ड हेरतो आणि आपला सर्वांत खमका खेळाडू त्याच्यासमोर आणून उभा करतो. दोन कोटी डॉलर वर्षाला घेणारा टॅकल तेव्हा दहा फुटांवर रिकामा उभा असतो.

मे-जूनच्या सरावात धक्काबुक्कीला परवानगी नसते. तेव्हा ते आठवडे शब्द आणि पावलं पक्की करण्यात घालवा. पॅड चढवून सराव जुलैअखेर कॅम्प सुरू झाल्यावरच मिळतो, आणि हंगाम सुरू झाल्यावर तसे सराव फक्त १४. या तुटपुंज्या वेळेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घोटून घ्या: स्टंट, म्हणजे समोरच्या दोघांनी जागा बदलून केलेला हल्ला. समोरचा आतला माणूस सरळ न येता तिरका टॅकलकडे घुसतो आणि त्याच क्षणी त्यांचा कडेचा खेळाडू (एंड) त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत येतो. गार्ड तिरक्याच्या मागे वाहवत गेला की मधोमध दार उघडं. त्याने तिरक्याला टॅकलच्या हवाली करून नजर आत वळवली, तर वळसा घालून आलेला थेट त्याच्या छातीवर आदळतो. हा हवालीचा क्षण शेजारी-शेजारी खेळूनच अंगवळणी पडतो. म्हणून कॅम्पमध्ये रोज वेगळे पाच जण उतरवून बघायची हौस पहिल्या आठवड्यात भागवून घ्या.

सहावा, सातवा, आठवा माणूस याच यादीत धरा. नियमही तेच सुचवतो: सामन्याच्या दिवशी आठ लाइनमन सज्ज ठेवले तर ४८ खेळाडू उतरवता येतात, नाहीतर ४७. या आठांत दोन्ही बाजूंना खेळू शकणारा एक टॅकल हवा, आणि ओल्या चेंडूने शॉटगन स्नॅप (काही यार्ड मागे उभ्या क्वार्टरबॅककडे चेंडू फेकणं) देऊ शकणारा दुसरा सेंटर हवा. फँटसी लीगमध्ये लाइनमनला गुण नसतात, त्यामुळे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यांची नावं कुणाला ठाऊक नसतात. ऑक्टोबरपर्यंत ठाऊक होतात.

पोराकडूनही काम करून घ्या. चेंडू बाहेर फेकून देणं हीसुद्धा कला आहे, ती शिकवा. ब्लिट्झ दिसला की कुणाकडे झटकन द्यायचा, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. धावण्याचा खेळ भक्कम ठेवा, प्ले ॲक्शन (धावण्याची हूल देऊन पास) आणि स्क्रीन (घुसणाऱ्यांना पुढे येऊ देऊन जवळच दिलेला छोटा पास) वापरा, म्हणजे समोरच्यांना प्रत्येक वेळी बेधडक घुसायची सोय राहणार नाही.

हंगाम सुरू झाला की जानेवारीतली ती सॅकची वही दर सोमवारी पुढे लिहीत राहा. नवव्या आठवड्यानंतर ट्रेडची मुदत संपते, त्यानंतर बाहेरून मिळतात ती दुसऱ्यांनी सोडून दिलेली माणसं. तेव्हा मुदतीच्या आदल्या सोमवारी वही उघडा. एकाच गार्डचं नाव तीन आठवडे सारखं येत असेल, किंवा तुमचा सातवा माणूस आधीच मैदानात उतरलेला असेल, तर पाचव्या फेरीचं पिक हातात धरून बसू नका, फोन करा.